पलू मास्तरची बैलजोडी

...न्हाय, पण मला एक सांगा, यात नंदीशचं चुकलं कुठं? छत्तीस वर्षांचा बाप्या, बेंबळीच्या स्टँडसमोर बी-बियाणाचं, खताचं चालतं दुकान, तंबाखू न्हाय, बाटली न्हाय, कुणाच्या अध्यात न्हाय का मध्यात न्हाय... आणि त्यानं जन्मात एकदा, एकदाच हो, म्हणलं की मला कॉम्प्युटर घ्यायचाय, गेम खेळायला. तर गावानं त्याच्याकडं असं बघावं, जसं काय तो दुसरं लगीन करतो म्हणलाय! "गेम? ह्या वयात?" मंग कोणत्या वयात? लहानपणी खेळाया गेला तर म्हणले अभ्यास कर, अभ्यास केला तर म्हणले दुकानात बस, दुकानात बसला तर म्हणले लगीन कर, आणि लगीन केल्यावर... जाऊ द्या, ते तुम्हालाबी ठाऊक हाय! ह्या गावात माणूस दिवसभर पारावर बसून दुसऱ्याच्या सुनंचं वाटोळं करतो, त्याला कुणी काय म्हणत न्हाय. आणि इथं माणसाला फक्त खेळायचं होतं हो!

तुम्हाला सांगतो, मी शेजारच्या गाळ्यात शिलाई मशीन घेऊन बसतो. मधी नुसता पत्रा. तिकडं नंदीशनं उसासा टाकला तरी इकडं मला ऐकू येतो, आणि तो लई उसासे टाकायचा. का टाकणार न्हाय? त्याच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक म्हंजे गिऱ्हाईक नसतंयच, प्राध्यापक असतंय! "नंदीश, हरभरा दे. हा न्हाय रे, तो. त्याला मर रोग लागतो, तुला कळत न्हाय. हे खत कशाला ठिवलंयस? ते ठिव. तुझ्या वयाचा हुतो तवा म्या..." आणि मंग अर्धा तास त्याच्या वयाचा असताना काय केलं ते. बियाणं पिशवीत, अक्कल फुकटात, आणि जाताना एक पिशवी उधा— ...न्हाय, ते सोडा, तो इषय न्हाय आपला.

इषय असा की घरी अकरा एकर रान हाय. काळं, कसदार, विहिरीला पाणी. आणि त्या रानात काय पेरायचं हे ठरवायचा अधिकार कुणाला? नंदीशच्या वडलांना. कल्याणप्पा! अख्खं गाव त्यांना अप्पा म्हणतंय. वय बाहत्तर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खांद्यावर टॉवेल, आणि आवाज असा की बांधावरून हाक मारली तर तिसऱ्या रानातला माणूस "आलो आलो" म्हणतो आणि मंग विचारतो कुणाला बोलावलं. नंदीशनं एकदा, फक्त एकदा, धीर करून म्हणलं होतं, "अप्पा, औंदा खालच्या तुकड्यात करडई टाकू का?" अप्पांनी त्याच्याकडं बघितलं. आभाळाकडं बघितलं. परत त्याच्याकडं बघितलं. आणि म्हणले, "दुकानात गिऱ्हाईक आलंय बघ." झालं! करडई संपली. साऱ्या गावाला बियाणं विकणारा माणूस, आणि स्वतःच्या मर्जीनं मूठभर दाणा मातीत टाकलेला न्हाय त्यानं.

मंग अशा माणसाला एक दिवस मोबाईलवर दिसलं की एक गेम हाय, त्यात आपलं शेत असतंय. आपलं म्हंजे आपलंच! आपण नांगरायचं, आपण पेरायचं, आपण काढायचं, आणि बांधावर कुणी उभं न्हाय. मला म्हणला, "मास्तर," मला सगळे टेलर-मास्तर म्हणतात, "मास्तर, मला एक तरी शेत असं पायजे की जिथं कुणी मला अक्कल शिकवणार न्हाय." मी कात्री खाली ठिवली. म्हणलं, घे बाबा. खेळ.

गेमचं नाव प्लाऊमास्टर. आधीचे दोन भाग त्यानं नुसते दुसऱ्यांनी खेळलेले बघितले, दुकानात, मोबाईलवर, गिऱ्हाईक नसताना. आणि आता तिसरा भाग येणार होता, आणि त्या तिसऱ्या भागात काय? आपला दख्खनचा मुलूख! काळी माती, शाळू ज्वारी, खळं, आणि ट्रॅक्टर न्हाय, बैलजोडी! जाहिरात आली तवा नंदीशनं ती मला पत्र्याच्या फटीतून मोबाईल सरकवून दाखवली. एका दिवसात सतरा वेळा. मी दोन सदऱ्यांच्या बाह्या उलट्या शिवल्या त्या दिवशी.

घरी सांगितलं तर अप्पा म्हणले, "कोण हा पलू मास्तर? झेडपीच्या शाळंवर हाय का?"

"अप्पा, मास्तर न्हाय, गेम हाय."

"शिकवतो काय?"

"नांगरायला."

"आणि नांगरट शिकायला तू बापाला सोडून त्या पलूकडं चाललास?" आता सांगा, काय बोलायचं? माणसाला फक्त खेळायचं होतं हो!

पण त्याची बायको श्रीदेवी हुशार. ती सासऱ्यांना म्हणली, "मामा, घिऊ द्या की. घरात तरी बसतील." आणि अप्पा हो म्हणले... पण कसे म्हणले? "घ्यायचंच असंल तर म्या येतो संगं. जनावर असू दे न्हायतर मशीन, एकट्यानं घ्यायचं नसतंय. फसवतात."

तिथून पुढं गावाला कळलं. आणि गावाला कळलं की संपलं! ज्या माणसानं कॉम्प्युटर फक्त तलाठ्याच्या टेबलावर बघितलाय तोसुद्धा सांगायला लागला. एक म्हणतो रॅम सोळाची बास झाली, दुसरा म्हणतो बत्तीसच्या खाली हातच लावू नको, तिसरा म्हणतो माझा भाचा पुण्याला कंपनीत हाय, त्याला विचारतो, आणि भाचा म्हणतो मी कंपनीत हाय पण कँटीनमधी हाय. आमची कडूबाई, भाजी विकती ती, नंदीशला थांबवून म्हणती, "ग्राफिक कार्ड काढाया धाराशिवला जायला लागंल का रे? मला बी काढायचं. पिवळं मिळतंय का केशरी?" एवढा सल्ला तर त्याला अकरा एकरावर बी मिळाला नव्हता.

शेवटी गेले सोलापूरला. दुकान शंभुलिंगचं. चकाचक काच, आत एसी, आणि मशीन कसलं तर आतले पंखे निळे-लाल-हिरवे पेटतात! अप्पांनी आधी त्याला चारी बाजूंनी फेरा मारला. खाली वाकून बघितलं. पाठीवर थाप मारली. शंभुलिंग म्हणतो, "अप्पा, काय बघताय?" अप्पा म्हणले, "किती दाती हाय?"

"क... काय?"

"वय रे! मालक कितवा हा? आधी कुणाच्या दावणीला होतं?"

नंदीश कानकोंडा झाला. "अप्पा, नवं हाय ते, पेटीतलं!" अप्पा म्हणले, "इकणारा कधी जुनं हाय म्हणतो का?" मंग शंभुलिंगनं समजावलं, की अप्पा, ह्याच्यात पाण्यावरचा कूलर हाय, लई गार राहतंय. अप्पा एकदम सावध! "पाण्यावरचा? मंग पाणी दिवसातनं किती बार दाखवायचं?" न्हाय, म्हणं, पाणी आतच असतंय, बंद. अप्पांनी नंदीशकडं असं बघितलं की, बघ, मुक्या जनावराला पाणीबी न दाखवता कोंडून ठिवलंय. आणि मंग भाव! तुम्हाला जनावराच्या बाजाराची रीत ठाऊक हाय का? तोंडानं भाव बोलत न्हाईत, टॉवेलाखाली हात घालायचा आणि बोटं दाबायची, म्हंजे चारचौघांत कळत न्हाय. अप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, शंभुलिंगच्या हातावर टाकला आणि खालून बोटं धरली. एसीतल्या दुकानात! मागं कॉलेजची चार पोरं रांगेत उभी. शंभुलिंगला वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली, तो ओरडला, "पाणी आणा रे!" अप्पा म्हणले, "आता दाखवतोय का पाणी!"

पण घेतलं. आणलं. मागल्या खोलीत टेबलावर मांडलं. श्रीदेवीनं हळद-कुंकू लावलं, अप्पांनी विभूती लावली, थोडी पंख्यात गेली, मशीन शिंकलं, मंग चालू झालं. आणि गेम उतरवायला लागले तर आमच्या नेटला अडीच दिवस! लोक रस्त्यानं जाताना खिडकीतनं विचारायचे, "आला का पलू मास्तर?" आतनं नंदीश, "बत्तीस टक्के." संध्याकाळी परत, "कुठवर आला?" "एकोणपन्नास." "अजून येडशीच्या पुढं न्हाय आला म्हणा की."

आणि एकदाचा आला हो! आल्याबरोबर त्या गेमवाल्यांच्या ग्रुपवर, महाराष्ट्रभरची दोन-तीनशे पोरं त्यात, काय दंगा सुरू झाला! तीन वर्षं वाट बघितली, आणि अर्ध्या तासात, "बेकार!" "ग्राफिक पडलं!" "आधीचाच बरा होता!" "माझा बैल विहिरीत उभा राह्यलाय, बुडत न्हाय आणि येत बी न्हाय!" अरं, घास तोंडात जायच्या आत आळणी म्हणायची काय पद्धत हाय ही? आणि सगळ्यात मोठा आवाज कुणाचा? येरमाळ्याच्या दिग्विजयचा. हायवेवर हॉटेल हाय त्याचं, मशीन नंदीशच्या दुप्पट, आणि जीभ चौपट. तो म्हणला, "लागली पैज. नव्या गेममधी बैलानं मळून ज्वारीची रास पहिल्यांदा जो लावंल, तो महाराष्ट्राचा पलू मास्तर! सोमवारी संध्याकाळपर्यंत." आणि वर खास नंदीशला लिहिलं, "बेंबळीकर, तुम्ही बियाणं विका. शेती आम्ही करतो."

लागलं हो ते. लई लागलं. कारण तीच तर दुखरी जागा. नंदीशनं त्या दिवसापास्नं मान मोडून खेळायला सुरुवात केली. दुपारी दुकान बंद करून, संध्याकाळी लवकर बंद करून. आणि तुम्हाला सांगतो, त्याचं जमलं! कुणी सांगितलं न्हाय, कुणी टोकलं न्हाय. स्वतः नांगरलं, स्वतः पेरलं, ज्वारी टरारून आली. मला येऊन सांगायचा, "मास्तर, आज पोटरीत हाय, कणीस बाहेर पडंल आता!" चेहरा असा फुललेला, पहिलटकरणीच्या नवऱ्यावानी. चार दिवस, फक्त चार दिवस, त्या माणसाला त्याचं शेत मिळालं.

पाचव्या दिवशी अप्पा मागल्या खोलीत आले.

आले ते अडकित्ता शोधायला. आणि त्यांना पडद्यावर बैल दिसले. अडकित्ता ऱ्हायला बाजूला. टॉवेल आपटून खाली बसले. "हे काय? जू इतकं फुडं कुणी ठिवलं? मान मोडंल की त्याची! आणि ह्याचं वशिंड असं, म्हंजे हा डावा बैल हाय, उजवीकडं कुणी जुंपला?"

"अप्पा, ते असंच येतंय."

"असंच येतंय म्हंजे? बैल काय छापून येतात व्हय? आणि पेरलंस कसं? वाफसा बघितला होतास?"

आता वाफसा. पाऊस झाला की लगेच पेरत न्हाईत हो, माती ना ओली ना कोरडी अशी व्हावी लागती, मुठीत धरून बघायची, ती कळायला जन्म जातो. नंदीश म्हणला, "अप्पा, हितं वर लिहून येतंय, ओल बासष्ट टक्के." अप्पा त्या बासष्टकडं बघतच राह्यले. "टक्क्यानं वाफसा कळाया लागला तर म्या बाहत्तर वर्षं काय केलं?"

दुसऱ्या दिवशी पारावरचे तिघं घिऊन आले. तिसऱ्या दिवशी खिडकीत सहा डोकी. एकजण म्हणतो, कडबा हिकडं रच. दुसरा म्हणतो, पाखरं बसली बघ कणसावर, गोफण घे! गोफणीचं बटनच न्हाय हो गेममधी! तर म्हणतात, गोफण न्हाय तर कसला तुझा पलू मास्तर? ज्या सल्ल्यातनं माणूस पळाला, त्या सल्ल्यानं घरात चपला काढल्या. नंदीशच्या मानंवर घाम, कानात दहा आवाज. माणसाला फक्त खेळायचं होतं हो!

आणि अप्पांना तेवढ्यावर समाधान न्हाय. श्रीदेवीला म्हणले, "सूनबाई, त्या मास्तरला पत्र लिही." ती म्हणली, "मामा, पत्र न्हाय, हितं खाली अभिप्राय लिहितात." म्हणले, "जे काय असंल ते लिही." आणि सांगायला लागले, आणि तिनं शब्दाला शब्द उतरवून घेतलं. पलू मास्तर यांस कल्याणप्पाचे शरणू शरणार्थी. पत्रास कारण की, तुमचा खेळ बघितला. जू एक वीत मागं घ्या. माती मुठीत धरायची सोय करा. बैल दिवसभर राबतो पण त्याला पाणी दाखवायला जागा न्हाय. जो पाणी दाखवत न्हाय त्यानं जनावर पाळू नये. बाकी ज्वारी बरी आली. कळावे.

तुम्हाला सांगतो, जगभरातनं चार हजार लोकांनी त्याला अंगठे दिले! कोण कुठली, भाषा येत न्हाय, यंत्रातनं भाषांतर करून वाचतात आणि अंगठा देतात. आणि कंपनीचं उत्तर आलं. श्रीदेवीनं वाचून दाखवलं, "प्रिय कल्याणप्पा, तुमचा अनुभव आम्हाला मोलाचा वाटतो, आमची टीम यात लक्ष घालत आहे." अप्पांनी ते परत एकदा वाचायला लावलं. मंग म्हणले, "माणसं लावली बघ त्यानं कामाला. आता म्या बी लक्ष घातलं पायजे." छत्तीस वर्षांत नंदीशच्या एका वाक्यावर ह्या माणसानं "बरं" म्हणलं न्हाय, आणि परदेशातल्या कुण्या पलूचं ऐकून छाती वीतभर फुगली! नंदीश तिथंच उभा होता. पत्र्यापल्याड दुसऱ्या दिवशी लई उसासे आले.

पण एक झालं. बैलांना नावं द्यायची होती, गेम विचारतो तशी. नंदीशनं अप्पांना विचारलं. अप्पा पटकन म्हणले, "माणक्या आणि हौश्या."

ती त्यांची शेवटची जोडी. ट्रॅक्टर आला तवा विकली, नऊ वर्षं झाली. टेम्पोत चढंनात दोघं. अप्पांनी त्यानंतर दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता, हे साऱ्या बेंबळीला ठाऊक हाय, पण त्यांच्या तोंडून कुणी नाव ऐकलं नव्हतं. नंदीशनं ती नावं टाकली आणि पडद्यावर बैलांच्या डोक्यावर आली. अप्पा उठले आणि टॉवेलाच्या शेवानं पडद्यावरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच हो.

आता रविवार. नंदीशची ज्वारी काढून खळ्यावर पडलेली, कणसं मोडलेली, राह्यली काय तर मळणी. बैल गोल फिरवायचे, दाणा सुटला की रास. दोन तासाचं काम! दिग्विजय अजून काढणीतच, एक तुकडा मागं. नंदीश खुर्चीत बसला, हात जोडले... आणि लाइट गेली. लाइनवर काम निघालं म्हणं. दिवसभर न्हाय, संध्याकाळी न्हाय. आली ती थेट सोमवारी सकाळी सात वाजता. म्हणलं, हरकत न्हाय, येरमाळ्याची बी गेली होती. दुकानाला कुलूप, आंघोळ, देवाला हात, आणि नंदीश मशीनपुढं. मी बी मशीन सोडून गेलो. म्हणलं, आज आपल्या शेजाऱ्याचा दिवस हाय.

माऊसवर हात ठिवला आणि मागनं आवाज आला, "काय करतोस?"

अप्पा. नुकतीच पूजा झालेली, विभूती अजून ओली.

"मळणी, अप्पा. दोन तासात रास लागती."

"आज वार कोणता?"

अरं देवा, सोमवार! हे माझ्या बी ध्यानात नव्हतं. ह्यांच्यात सोमवारी बैल जुंपत न्हाईत. महादेवाचा वार, नंदीचा वार. पेरणीची घाई असू दे, आभाळ आलेलं असू दे, सोमवारी बैलाच्या खांद्यावर जू पडत न्हाय म्हंजे न्हाय.

"अप्पा!" नंदीश जवळजवळ रडकुंडीला आला. "ट्रॅक्टर चालतोय की आपला सोमवारी!"

"ट्रॅक्टरला खांदा हाय का?"

"ह्यांना तरी कुठं हाय? चित्र हाय हो ते!"

"चित्र हाय? मंग परवा कणसं खळ्यावर आणताना हौश्या थांबला तवा 'दमलाय, जरा सोडतो' म्हणलास. कोण दमलं होतं? चित्र?"

म्हणला होता हो! गेममधी बैलाचा दम कमी झालेला दिसतो, आणि हा म्हणला होता, आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. तेवढ्यात मोबाईल वाजला, येरमाळ्याला लाइट पहाटंच आली होती म्हणं. दिग्विजय. "मळणी सुरू! चाळीस टक्के!" श्रीदेवी लगबगीनं पुढं आली, म्हणली, "मामा, ऐका तरी. हा गेम जिथनं चालतोय ना, तिकडं अमेरिकेत, तिथं अजून रविवारच हाय!" काय डोकं बाईचं! आम्ही सगळे म्हणलो, व्हय व्हय, बरोबर! अप्पांनी विचार केला. खरंच केला. मंग विचारलं, "सूनबाई, बैल कुठं हायत? अमेरिकेत का बेंबळीत?"

सगळ्यांनी पडद्याकडं बघितलं. माणक्या आणि हौश्या खळ्याच्या कडंला बसले होते, रवंथ करीत. हौश्यानं कान हलवला.

"चाळीस वर्षं बैलं पाळली म्या," अप्पा म्हणले, आणि त्यांचा तो तीन रानं पार करणारा आवाज एकदम बारीक झाला. "कितीदा पाऊस डोक्यावर आला. सोमवारी त्यांना हात लावला न्हाय. नंदीश नाव ठिवलंय तुझं म्या. कुणावरनं ठिवलंय?" आणि एवढं बोलून निघून गेले बाहेर. अडवलं न्हाय, मशीन बंद केलं न्हाय, काही न्हाय.

"सत्तर टक्के!" दिग्विजय.

दाब की बटन, म्हणलं मी मनात. अप्पा गेलेत! नंदीशचं बोट माऊसवर आलं. पंच्याऐंशी. नव्वद. घामाचा थेंब नाकावरनं टेबलावर पडला. आणि त्यानं हात काढून मांडीवर ठिवला. न्हाय जुंपले बघा. अप्पा बघत नसताना. चांगलं पंधरा मिनिटं तो त्या बसलेल्या बैलांकडं बघत राह्यला, आणि येरमाळ्याला रास लागली. दिग्विजयचा आवाज आला मोबाईलवर, मागं हॉटेलातली पोरं शिट्ट्या मारतायत, "बेंबळीकर! बियाणं विका!" नंदीशच्या डोळ्यातनं घळाघळा पाणी आलं. छत्तीस वर्षांचा बाप्या हो. श्रीदेवीनं पदर पुढं केला, तर म्हणला, "धूळ गेली डोळ्यात." घरात धूळ पुसायची दोनच माणसं, बाप आणि लेक.

आता तुम्ही म्हणाल, संपलं. कुठलं संपतंय! मंगळवारी सकाळी नंदीश उठून मागल्या खोलीत जातो, तर खुर्चीत अप्पा! पहाटेपास्नं. मळणी करून, रास लावून, राशीला उदबत्ती ओवाळून, हितनं बरं का, पडद्याला, आता फुडच्या पेरणीला लागलेले. मागं चटई, चटईवर पारावरचं सगळं मंडळ, कडूबाई भाजीची पाटी मांडीवर घिऊन. "अप्पा," नंदीश म्हणला, "मला जरा..." अप्पांनी मान बी न वळवता म्हणलं, "थांब. बांध नीट करतोय. सगळा वाकडा घातलास." संध्याकाळी तेच. बुधवारी तेच. नंदीश स्वतःच्या कॉम्प्युटरच्या दारात उभा, माझं कधी येतंय म्हणून. माणसाला फक्त खेळायचं होतं हो! तिथं त्याला उभं राहायला जागा मिळंना.

आणि गुरुवारी अप्पांनी त्याला बोलावलं. म्हणले, "नंदीश, खालच्या रानात हरभरा पेरायचा राह्यलाय. तू बघ. हरभरा टाक, करडई टाक, काय टाकायचं ते तुझं तू ठरव. मला आता दोन-दोन शेतं झेपत न्हाईत."

ऐकलं का? छत्तीस वर्षं! छत्तीस वर्षं ज्या वाक्यासाठी कान आसुसले, ते वाक्य म्हातारा पडद्याकडं बघत बघत बोलून गेला! नंदीशला आधी खरं वाटंना. मंग बियाणं घेतलं, मोटरसायकल काढली, आणि गेला रानात. तिथं काय झालं ते त्यानंच नंतर सांगितलं मला. रान मोकळं. अकरा एकर, आणि एक माणूस न्हाय. एरवी रानात पाय ठिवला की बांधावर तिघं हजर, नंदीश असं कर, नंदीश तसं कर. आज चिटपाखरू न्हाय. म्हणला, मास्तर, लई बरं वाटलं. दहा मिनिटं. मंग खाली बसलो, माती मुठीत धरली, आणि धरूनच राह्यलो. वाफसा आलाय का न्हाय, काय कळंना. दाबली तर लाडू होतोय, सोडली तर फुटतोय, पण पुरता फुटत बी न्हाय. पेरावं तर चिखलात जाईल, थांबावं तर ओल उडंल. वर बघितलं, बासष्ट टक्के कुठं लिहिलेलं न्हाय. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, कुणाला तरी विचारावं, तर बांधावर कुणीच न्हाय. शेवटी एका हातात माती धरून दुसऱ्या हातानं घरी फोन लावला.

हिकडचं मी सांगतो. मी होतो की तिथं, चटईवर, तिसऱ्या रांगेत. न्हाय म्हंजे, शिलाईला गिऱ्हाईक नव्हतं म्हणून जरा... ते असू द्या. फोन वाजला. अप्पांनी कानाला लावला, डोळे पडद्यावर. आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता नंदीशचा आवाज, "अप्पा, लाडू होतोय, पण फुटतोय बी, पेरू का दोन दिवस थांबू? सांगा की!" असा काकुळतीला आलेला, काय सांगू तुम्हाला.

अप्पा म्हणले, "तुझं तू बघ की रे! म्या कामात हाय."

आणि मी काय केलं? शेजारी मी, पत्र्यापल्याडचे त्याचे सगळे उसासे ऐकलेला मी... मी मागनं ओरडलो, "अप्पा, फोन ठिवा आधी, हौश्या वळायचा राह्यलाय!"